‘माझ्याकडे तर चालतंय’

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका छोट्या कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. दादरच्या एका पतसंस्थेसाठी आम्ही मराठी स्क्रीन बनवत होतो. सगळ्या फाइली झिप करून पाठवणं माझ्याकडे होतं. ते काम मी घरी निघता निघता उरकायचो.

पहिलीच झिप फसली. संस्थेतल्या ताईंचा फोन आला, “अहो, पानच उघडत नाहीये.” मी ठोकून दिलं, “माझ्याकडे तर चालतंय, तुमचा सर्व्हर बघा.” प्रत्यक्षात फोल्डरमधल्या फाइली निवडायच्या सोडून मी अख्ख्या फोल्डरवर राइट क्लिक केलं होतं. इंडेक्सची फाइल एक फोल्डर आत गेली आणि सर्व्हरला ती सापडेना.

मग लोगो गायब झाला. कोडमध्ये त्याचं इंग्रजी नाव लहान एलने होतं, फाइलीवर मोठ्या एलने. माझ्या विंडोजला दोन्ही सारखंच. त्यांच्या लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली.

एकदा घाईत पेनड्राइव्ह ओढून काढला. झिपमध्ये कोणती फाइल कुठे आहे याची यादी अगदी शेवटी असते. शेवटचा तुकडाच उतरला नाही, त्यामुळे आधीचं सगळं असूनही झिप उघडेना.

सगळ्यात लाज वाटली ती फॉन्टची. देवनागरी फॉन्ट मी झिपमध्ये घातलाच नव्हता, तो थेट इंटरनेटवरून यायचा. संस्थेच्या काउंटरवर नेट बंद ठेवलेलं. ब्राउझरने मशीनमधला दुसरा फॉन्ट उचलला. त्याची अक्षरं उंच, आमची बटणं बेताची. ‘ठेवींची नोंद’ या बटणावरच्या वेलांट्या वरून छाटलेल्या. समोर खातेदारांची रांग आणि ताई बटणं अंदाजाने दाबतायत, हे मी तिथे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं.

झिप काही नवलाईची चीज नव्हे. फिल कॅट्झ यांनी ती 1989 साली आणली; आजही झिप फाइलीच्या सुरुवातीला त्यांच्या नावाची ‘पीके’ ही आद्याक्षरं असतात. जावाची जार, अँड्रॉइडची एपीके, आतून झिपच. म्हणजे दोष बांधणीच्या तंत्राचा नव्हताच. फॉन्ट, नेट, विंडोजचा सैलपणा, हे सगळं माझ्या मशीनवर आधीच हजर होतं आणि झिपमध्ये त्यातलं काहीच जात नव्हतं. ‘माझ्याकडे चालतंय’ हे दर वेळी खरंच होतं, म्हणून तर चूक इतके दिवस दिसली नाही.

आता झिप झाली की आधी तिच्यातली यादी वाचतो. मग लिनक्सवर उघडतो, नेट बंद करतो आणि काउंटरवर बसल्यासारखी एक खोटी ठेव नोंदवून पाहतो. यात वेळ जातो, मॅनेजर कुरकुरतात. कुरकुरू देत. रांगेतल्या लोकांची कुरकुर ताईंना ऐकावी लागते, मला नाही.