आझाद मैदानावरची उलटी मशागत

मुंबईचे आझाद मैदान आपल्याकडच्या शेतकरी मंडळींना माहीत आहे ते मोर्च्यांमुळे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी, तळपायाला फोड आलेल्या आयाबायांसह, याच मैदानावर येऊन टेकले होते. पण मोर्च्यांसाठी राखलेला तुकडा सोडला, तर बाकीचे मैदान क्रिकेटचे आहे. बावीस खेळपट्ट्या तेथे जवळजवळ आहेत. सुटीच्या दिवशी इतके सामने एकदम चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा दिसतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, ती याच मातीवर.

ही माती राखणाऱ्या माणसाला मुंबईच्या मैदानांवर ‘माळी’ म्हणतात. मोठ्या स्टेडियमवर या कामाचा जो प्रमुख असतो, त्याला ‘क्युरेटर’ म्हणतात. माण तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरचा मुलगा बारावीनंतर येथे एका क्लबाकडे शिकाऊ माळी म्हणून लागला आहे. घरची सहा एकर कोरडवाहू. मी कामानिमित्त मुंबईस निघालो आहे असे कळताच त्याचे वडील म्हणाले, “साहेब, गावात काय गवत कमी होतं, म्हणून पोरगं मुंबईला गवत कापाया गेलं? एकदा बघून या. कामात काही दम नसंल तर परत बोलावतो.”

दिवाळी नुकतीच झाली होती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पहाटेच उतरलो आणि समोरच्या मैदानात शिरलो.

हातात आधी झाडू

दव पडले होते. दोन टोकांना दोघे धरून लांब दोर गवतावरून ओढत होते. दोर फिरला की पात्यांवरचे दव झडते आणि गवत लवकर सुकते. दोराच्या एका टोकाला आमचा मुलगा होता आणि दुसऱ्या टोकाला त्याचा गुरू, साठीला आलेला सिंधुदुर्गाकडचा माळी. क्लबाच्या तंबूतच त्याचा संसार: एक ट्रंक, एक स्टोव्ह, भिंतीला टांगलेला गणपती.

खेळपट्टी म्हणजे २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद जागा. हिशेब केला तर जेमतेम साठ-एकसष्ट चौरस मीटर, म्हणजे गुंठाभरसुद्धा नाही. आपण एकरांत बोलतो. येथे पाऊण गुंठ्याहून लहान तुकड्यावर दोन माणसे वर्षभर राबतात, आणि तरी काम उरते.

“पहिले चार महिने काकांनी फक्त झाडू दिला,” मुलगा म्हणाला. “झाडायचं आणि गुडघ्यावर बसून तण उपटायचं. रोलरला हात लावू देत नव्हते.”

“देईन कशाला?” म्हातारा म्हणाला. “झाडताना जमीन खय बसली हा, खय उचलली हा, ता मनगटाक कळता. डोळ्याक दिसना नाय. ज्याका झाडूक येना नाय, त्याका रोलर देऊन काय करतलो?”

या उमेदवारीचा क्रम ठरलेला आहे. आधी झाडू, मग पाण्याची नळी, मग रोलर. त्यानंतर गवत कापायचे यंत्र, चुन्याने क्रीज आखणे, गोलंदाजाच्या पायाने पडलेले खड्डे ओल्या मातीने बुजवून चोपणे. सगळ्यात शेवटी येते ते मातीचे पारख करणे. पहिल्या गोष्टी सहा महिन्यांत येतात. शेवटच्या गोष्टीला पाच-सात पावसाळे लागतात.

पावसाळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग नावाची स्पर्धा होते. ती नावाजली ती भर पावसाळ्यातल्या, उघड्या ओल्या खेळपट्ट्यांवरच्या सामन्यांसाठी. अशा मातीवर माळ्याचे शिक्षण झाले नाही तरच नवल.

वाफसा ओळखणारा जिंकतो

मी शेतकी पदवी घेतली तेव्हा शिकलो की चांगली जमीन म्हणजे पोकळ, भुसभुशीत जमीन. मुळांना हवा हवी, पाण्याला वाट हवी. शेतातल्या एक घन सेंटिमीटर कोरड्या मातीचे वजन साधारण १.३ ग्रॅम भरते. खेळपट्टीत ते १.६ ग्रॅमच्या वर न्यावे लागते. म्हणजे मातीतली हवा दाबून बाहेर काढायची. आपण जन्मभर जे करतो त्याच्या उलटी मशागत!

पण आपल्याला ती अगदीच परकी नाही. मळणीचे खळे आठवा. जागा उकरायची, ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, बैल फिरवून तुडवायची, चोपून शेणाने सारवायची. खळ्याला भेग पडली तर दाणा भेगेत जातो. खेळपट्टीला भेग पडली तर चेंडू कोठेही जातो. फरक एवढाच की खळ्यावर बैल फिरत आणि येथे टनभर वजनाचा रोलर फिरतो.

तो केव्हा फिरवायचा, यातच सगळी विद्या आहे. माती जास्त ओली असेल तर रोलरला चिकटून उचलली जाते आणि पुढे लाट धरते. कोरडी असेल तर वरची पापडी फुटते आणि खालचा थर मोकळाच राहतो. मधली वेळ साधली पाहिजे. मी मुलाला विचारले, “ही वेळ तू कशी ओळखतोस?” त्याने अंगठा मातीत दाबला, उचलला, पाहिला. ठसा उमटला, पण अंगठ्याला माती लागली नाही.

“वाफसा आलाय,” तो म्हणाला.

गुरूच्या तोंडी हा शब्द नव्हता. तो त्या पोराने गावाहून नेलेला. पेरणीआधी बापाच्या मागे रानात फिरताना जे पाहिले, तेच त्याचे भांडवल. घरातल्या माऊलीलाही सडा टाकल्यावर अंगण केव्हा सारवायचे हे असेच हाताला कळते. शहरातल्या मुलाला हे शून्यापासून शिकावे लागते.

सामन्याआधी आठ-दहा दिवस हे चक्र चालते. खोलवर पाणी, वाफशाची वाट, हलका रोलर, मग जड रोलर, गवत आणखी बारीक, पुन्हा थोडे पाणी. एकदा सामना सुरू झाला की माळ्याचे हात बांधले जातात. नियमाप्रमाणे डावांच्या मध्ये आणि रोज सकाळी खेळापूर्वी फार तर सात मिनिटे रोलर फिरवता येतो. जे करायचे ते आधीच.

शेतातली वैरीण

वाचकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. या मैदानावर मुद्दाम लावलेले, खतपाणी घालून वाढवलेले गवत कोणते? आपली हरळी! उन्हाळ्यात खोल नांगरट करून जिच्या काशा आपण वेचून बांधावर टाकतो, तीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही तिच्याच.

कारण साधे आहे. ज्या गुणांमुळे ती शेतात वैरीण ठरते, तेच गुण येथे कामी येतात. तुडवली तरी मरत नाही, कापली की आडवी पसरते, आणि तिच्या मुळ्यांचे जाळे माती आवळून धरते. चिकणमाती ही भिंत मानली, तर हरळी म्हणजे तिच्यातली सळई. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे हरळीच्याच दोन जातींच्या संकरातले ‘टिफवे’ नावाचे वाण १९६० साली काढले. त्याला बी धरत नाही, उसाच्या बेण्यासारखे तुकडे लावावे लागतात. जगभरच्या मैदानांवर आज ते दिसते.

लाल आणि काळी

आझाद मैदानाहून चर्चगेटकडे चालत गेले की वानखेडे स्टेडियम लागते. तेथील खेळपट्टी लाल मातीची. लाल मातीवर चेंडू उसळतो. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती जास्त. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. नीट दाबली तर ती फार काळ टिकते, पण चेंडू संथ आणि खाली राहतो. अहमदाबादच्या मोठ्या स्टेडियमवर तर लाल आणि काळी, अशा दोन्ही मातींच्या खेळपट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

मातीचा तोल गेला तर काय होते, हे आपण गहुंज्याला पाहिले. मावळ तालुक्यातल्या या स्टेडियमवर फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. कोरडी खेळपट्टी पहिल्या दिवसापासून हातभर फिरक देत होती. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले, सामना तीन दिवसांत संपला आणि आंतरराष्ट्रीय परिषदेने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. त्याच मैदानावर ऑक्टोबर २०१९ मध्ये विराट कोहलीने नाबाद २५४ धावा केल्या. जागा तीच, पण माती राखण्यात फरक पडला की खेळ पालटतो.

पाण्याचा हिशेब

शेतकऱ्याच्या मनात जो प्रश्न येईल तो टाळून चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले. मुंबईचा अंतिम सामना बंगळुरूला गेला. निकाल रास्तच होता. जेथे माणसाला हंडा मिळत नाही, तेथे हरळीला फवारा शोभत नाही.

मी हे म्हाताऱ्याजवळ काढले. तो रागावला नाही. म्हणाला, “पाणी जास्त घालता तो माळी कच्चो.” खरे आहे. जादा पाण्याने मुळ्या वरच राहतात आणि माती सैल होते. पाणी जपून, खोल आणि वेळेवर देणे हा ठिबकाचा धडा येथेही लागू आहे. दुष्काळी भागातून गेलेल्या मुलाला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

पोटाचा प्रश्न

आता वडिलांच्या शंकेकडे येतो. कामात दम आहे का? विद्येत आहे. पगारात अजून पुरेसा नाही. म्हाताऱ्याचे हात पाहिले तर तो मातीचा पंडित आहे, पण तसे सांगणारा एक कागद त्याच्या ट्रंकेत नाही. म्हणून तो जन्मभर ‘माळी’ राहिला.

वारे मात्र थोडे बदलत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कोलंबोला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात मोहम्मद सिराजने सहा बळी घेतले आणि सामनावीराची रक्कम तेथील मैदान-कामगारांना देऊन टाकली. २०२४ च्या आयपीएलनंतर क्रिकेट मंडळाने नेहमीच्या दहा मैदानांवरील क्युरेटर व कामगारांना प्रत्येकी २५ लाख रुपये जाहीर केले. त्याच वर्षी महिला प्रीमियर लीगच्या बंगळुरूच्या सामन्यांची खेळपट्टी जॅसिंथा कल्याण या बाईंनी तयार केली. कर्नाटकातल्या हारोबेले गावच्या भातशेतकऱ्याची ही मुलगी. क्रिकेट संघटनेच्या कचेरीत स्वागतिका म्हणून लागली आणि मैदानाची कारभारीण झाली. तेव्हा हे काम फक्त मुलग्यांचे, असेही समजू नये.

इंग्लंडमध्ये या कामाची रीतसर उमेदवारी आहे. पगार घेत शिकायचे, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. आपल्याकडेही क्रिकेट मंडळ क्युरेटरांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा घेते. पण क्लबाच्या तंबूतल्या पोरापर्यंत ती वाट सहसा पोचत नाही. त्याने ती शोधली पाहिजे.

वडिलांना मी एवढेच सांगितले, “परत बोलावू नका. पण नुसता राबूही देऊ नका.”

मुलाला पाठवायचे असेल तर

ज्या घरातून असा मुलगा किंवा मुलगी जाऊ पाहते, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. एक, पगार, राहण्याची सोय आणि पावसाळ्यातल्या महिन्यांचे काय, हे आधी कागदावर घ्यावे. दोन, शेतकी पदविका किंवा पदवी जमत असेल तर ती आधी पुरी करावी. माती आणि गवत शास्त्राने जाणणारा माळी क्युरेटर होऊ शकतो. तीन, रोजची वही ठेवावी: पाणी किती, रोलर केव्हा, ऊन कसे, खेळपट्टी कशी वागली. पाच वर्षांची वही कोणत्याही शिफारशीपेक्षा मोठी. चार, गुरू झाडू देईल तेव्हा तोंड वाकडे करू नये.

माती ओळखण्याचा पहिला धडा घरीच घेता येईल. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून खूप हलवा व दोन दिवस ठेवा. खाली वाळू बसेल, मध्ये पोयटा, वर चिकणमाती. कोणता थर किती, ते पट्टीने मोजा.

आणि गावच्या शाळेचे मैदान? दगड वेचा, पाणी वाहून जाईल इतका हलका उतार द्या, पावसाळ्यात कडेने हरळी लावा. पाऊस सरताना वाफशावर रोलर फिरवा. पंचायतीकडे नसेल तर रस्त्याच्या कामावरचा अर्धा दिवस मागून आणा. ओल असताना ट्रॅक्टर मात्र आत घालू देऊ नका. बांधावर फेकायच्या काशा शाळेकडे पाठवल्या तर गावाला खर्च काहीच नाही, आणि पोरांचे गुडघे वाचतील.