सागरतीरीचे शुभमंगल

विवाह हा संस्कार की करार, हा वाद आमच्या व्यवसायबंधूंत फार जुना आहे. परंतु विवाहाचा मंडपच जेवणासह, दिव्यांसह आणि सूर्यास्तासह कराराने भाड्याने मिळू लागल्यापासून त्या वादाला नवाच रंग चढला आहे. मुलीचे घर इंदुरास, मुलाचे बडोद्यास, आणि लग्न मात्र सासष्टीच्या किनाऱ्यावरील एखाद्या रिसॉर्टात! या पद्धतीस डेस्टिनेशन वेडिंग म्हणतात. माणशी एक दर ठरतो. त्या दरात खोली, तिन्ही वेळचे जेवण, चहाफराळ, हळदीचा मांडव, संगीताची रात्र, एवढेच काय, वऱ्हाडातील ज्यांनी उभ्या जन्मात मद्याचा पेला हाती धरला नाही त्यांच्या वाट्याचे मद्यही समाविष्ट असते. यजमानाने पाहुण्यांची संख्या सांगावी आणि पैसे भरावेत. बाकी सारे इतर कोणी पाहतील.

या प्रकाराकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे. आमच्या मंडळींत ते पुष्कळांनी मुरडलेही आहे. तथापि थोडा विचार केला असता असे दिसून येईल, की लग्नासाठी परगावी जाणे हे आमच्या समाजाला मुळीच अपूर्व नाही. 1560 साली गोव्यात धर्मसमीक्षणाचे न्यायासन स्थापन झाले. त्याच वर्षी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, ती त्याच काळच्या संकटामुळे. देवांपाठोपाठ माणसेही गेली. जी मागे राहिली, त्यांच्या लग्नविधींवर निर्बंध आले, आणि कित्येकांना पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर जाऊन आपल्या मुलामुलींची लग्ने उरकावी लागली. त्यांना सूर्यास्त पाहायचा नव्हता; अग्नी पेटवता येईल अशी चार हात जमीन हवी होती.

पुढे काळ पालटला. कारवार, बेळगाव, मुंबई, इंदूर, बडोदे अशी पांगलेली कुटुंबे देवस्थानाच्या अग्रशाळेत उतरून कुलदेवतेच्या साक्षीने लग्ने लावू लागली. उतरायला खोली, मांडवाला अंगण, पंगतीला केळीचे पान, आणि त्यावर तोय, खतखते, सोलकढी व मणगणे. एका अर्थी अग्रशाळा हेही सर्वसमावेशकच स्थान होते. भेद एवढाच, की तेथे माणशी दर नव्हता, त्यामुळे माणसे मोजण्याची गरज पडत नसे.

हा भेद आम्हांस पुस्तकातून कळला नाही. आमच्या थोरल्या भगिनी इंदुरास दिल्या आहेत. त्यांच्या कन्येचा विवाह बडोद्याच्या एका मुलाशी ठरला आणि दोघांनी गोव्याचा समुद्रकिनारा पसंत केला. आम्ही गोव्यात राहतो आणि वकिली करतो, या दुहेरी अपराधामुळे रिसॉर्टचा करारनामा वाचण्याचे काम ओघानेच आमच्याकडे आले.

प्रथम प्रश्न आला तिथीचा. रिसॉर्टचे दर पावसाळ्यात सर्वांत कमी असतात. आणि आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकापर्यंत चातुर्मास असल्यामुळे नेमके तेव्हाच आमचे पंचांग मिटलेले असते. डिसेंबरच्या अखेरीस दर आकाशाला भिडतात. तेव्हा धनुर्मास, त्यातही पुष्कळ घरी लग्ने लावीत नाहीत. अखेर माघातील गोरज मुहूर्त निघाला, आणि छायाचित्रकारासही नेमकी तीच वेळ हवी होती असे समजले! होमास पूर्वाभिमुख बसले, की पश्चिमेचा समुद्र आपोआप पाठीशी येतो. शास्त्र आणि छायाचित्र यांचे एवढे ऐकमत्य आम्ही यापूर्वी पाहिले नव्हते.

करारनाम्याशी मात्र इतक्या सहजासहजी जुळले नाही. चौदा पृष्ठांच्या त्या दस्तऐवजात नवव्या पृष्ठावर एक कलम होते: रिसॉर्टच्या आवारात, सभागृहात वा हिरवळीवर, उघडी ज्योत पेटविण्यास मनाई. सभागृहात धुराची सूचना देणारी यंत्रे असतात, आग लागल्यास जबाबदारी कोणाची हा प्रश्न असतो. कलम घालणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण परिणाम काय? हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या सातव्या कलमाप्रमाणे ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे, त्यांचा विवाह अग्नीसमोर सातवे पाऊल पडते तेव्हा पूर्ण होतो. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केले. त्या दांपत्याने विधी न करताच प्रमाणपत्र आणि नोंदणी मिळविली होती. न्यायालयाने तो विवाह झालाच नाही असे ठरविले, आणि गाणेनाचणे व खाणेपिणे म्हणजे विवाह नव्हे, हेही बजावले. म्हणजे आमच्या भाचीच्या करारात जेवण होते, रोषणाई होती, वाद्यवृंद होता. नव्हता तो फक्त विवाह.

आम्ही ते कलम बदलून मागितले. व्यवस्थापक सुस्वभावी गृहस्थ होते. ते म्हणाले, “साहेब, सगळे जण होम करतातच. आम्ही अडवीत नाही.” आम्ही म्हणालो, “मग तसे लिहून द्या.” चार दिवसांच्या पत्रव्यवहारानंतर हिरवळीवर, वाळूच्या पेटीवरील होमकुंडात, अग्निशामक साधन जवळ ठेवून होम करण्याची लेखी मुभा मिळाली. बाहेरचे अन्न आणण्यास बंदी होती. त्यातून देवाचा प्रसाद वगळण्यात आला. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद राहील ही अट आम्ही तशीच राहू दिली, कारण ती 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचीच आहे आणि शेजारच्या वाड्यावरही माणसे झोपतात. “खाजगी किनारा” हे शब्द मात्र खोडविले; भरतीच्या पाण्याने भिजणारी वाळू कोणाही रिसॉर्टच्या मालकीची नसते आणि तेथे मंडप घालायचा तर सरकारी परवानगी लागते. लग्न रद्द झाल्यास सर्व रक्कम जप्त, हे कलमही सौम्य झाले. 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईच देववते. आणि 2020 च्या टाळेबंदीत आगाऊ भरलेल्या पैशांसाठी किती यजमानांना हेलपाटे घालावे लागले, हे अद्याप कोणी विसरलेले नाही. मद्याचा आकार वजा करण्यास मात्र ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत.

येथे एक गोष्ट गोव्यातील वाचकांसाठी सांगून ठेवली पाहिजे. वर सांगितलेला 1955 चा कायदा इंदूर-बडोद्याच्या वधूवरांसाठी. गोव्याच्या रहिवाशांस 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि 1910 चा विवाहविषयक कायदा यांची परंपरा आजही लागू आहे. येथे नागरी निबंधकापुढे पहिली सही आणि काही दिवसांनी दुसरी सही झाल्यावाचून केवळ मंडपातील विधी पुरेसा होत नाही. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक होते. तेव्हा गोमंतकीय मुलाशी वा मुलीशी सोयरीक जुळविणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांनी फुलांच्या सजावटीपूर्वी या सह्यांची चौकशी करावी.

करारनामा उरकला, यादी उरकेना. इंदूरच्या वाड्यातले शेजारी, भाचीच्या भावाची मुंज लावणारे भटजी, दर वर्षी पापडाला हात लावायला येणाऱ्या दोन वृद्ध विधवा, गोव्यातले आमचे चुलतघराणे, कवळ्याचे परिचित महाजन अशी तीनशे चाळीस नावे होती. दर माणशी असल्यामुळे ती एकशे तीसवर आणावयाची होती. आम्ही न्यायालयात पुष्कळ वाटण्या पाहिल्या आहेत. पण आपल्या माणसांची नावे पेन्सिलीने खोडणारी ताई पाहणे त्याहून कठीण गेले. दोन वृद्धांच्या नावांपाशी ती थांबली, आणि पेन्सिल खाली ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.

आम्ही भाचीला बोललो. देवस्थानात लग्न करावे, सगळे येतील, खर्च पाव होईल, असे वकिली थाटात पटवून दिले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मामा, दादाचं लग्न घरी झालं. आई तीन दिवस कोठीच्या खोलीत होती. सप्तपदी चालू असताना ती दूध तापवीत होती. फोटोत ती कुठे आहे, दाखवा मला. माझ्या लग्नात मला ती बसलेली हवी आहे.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. अग्रशाळेतील पंगतींची आम्ही एवढी थोरवी गायली. त्या पंगती उठेपर्यंत ज्या बायका जेवल्या नाहीत, त्यांचा उल्लेख आमच्या युक्तिवादात नव्हता. दुसऱ्यांनी रांधलेले विकत घेण्यात माणुसकी कमी होते असे आपण म्हणतो. परंतु घरच्यांनी फुकट रांधण्यात ती आपोआप वाढते, असेही नाही. रिसॉर्टातही कोणी तरी राबतेच, हे खरे. पण त्यांना निदान वेतन मिळते आणि त्यांच्या मुलीचे लग्न त्याच वेळी चाललेले नसते.

मग दोन्ही घरांनी मिळून एक मार्ग काढला. लग्न रिसॉर्टात, पण आदल्या दिवशी सर्व वऱ्हाड कवळ्यास. देवीपुढे पत्रिका आणि श्रीफळ ठेवून झाल्यावर देवस्थानात भोजन, आणि त्या भोजनाला यादी नाही. रिसॉर्टच्या संख्येत न बसलेले गोव्यातले सारे आप्त तेथे आले. संगीताची रात्र रद्द करून त्याचे पैसे या भोजनाला वळविले. त्या दोघी वृद्धांना इंदुराहून आणण्याचा खर्च वरपक्षाने आपण होऊन उचलला. त्या रिसॉर्टात उतरल्या आणि तेथील चहा पाणचट असल्याचे त्यांनी सर्वांना सांगितले. इंदूरच्या शेजाऱ्यांसाठी परतल्यावर सत्यनारायण झाला. भटजींनी गोव्यास येण्यास प्रकृतीमुळे नकार दिला. ती रुखरुख ताईच्या मनात राहिली, आणि अद्यापही आहे.

लग्नाच्या दिवशी समुद्रावरून वारा एवढा सुटला, की अंतरपाट दोघांच्या हाती राहीना, चौघांनी धरला. होमकुंडाला आडोसा म्हणून रिसॉर्टच्या नोकरांनी न सांगता जेवणाच्या टेबलांच्या फळ्या आणून उभ्या केल्या. करारात हे कोठेच लिहिलेले नव्हते. ताई वधूच्या उजव्या हाताला, रेशमी लुगडे नेसून, आरंभापासून शेवटपर्यंत बसली होती. मध्ये दोनदा ती सवयीने उठू लागली. दोन्ही वेळा तिला तिच्या मुलीने हाताला धरून खाली बसविले.

हल्ली असे करारनामे घेऊन पुष्कळ मंडळी आमच्याकडे येतात. लग्न समुद्रावर करावे की देवळात, याचे उत्तर आम्ही देत नाही. तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही आधी ज्योतीचे कलम शोधतो, मग पैसे परत मिळण्याचे. आणि शेवटी विचारतो, की वधूची आई त्या वेळी कोठे बसणार आहे? हे तिसरे कोणत्याही करारनाम्यात सापडत नाही; ते घरीच ठरवून यावे लागते.