क्लबाचा सातबारा

रहाटणी, पुणे ४११०१७
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. श्रीधर यास,

तुझे पत्र परवा पोचले आणि ते वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. तुझा हैदराबाद एफ.सी. दिल्लीस गेला आणि त्याचे नावही बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे झाले, हे वृत्त मी आधीच वाचले होते. त्या दिवशी तुला फोन करावा असे फार वाटले. परंतु २०१९च्या ऑगस्टात, आपला एफ.सी. पुणे सिटी बंद होऊन त्याची जागा हैदराबादला गेल्याचे कळले तेव्हा, सांत्वन करायला आलेल्या माणसांचा आपल्याला किती उबग आला होता ते आठवले आणि मी थांबलो. तुझ्या पत्राच्या पहिल्या दोन पृष्ठांवरचा संताप मला अगदी न्याय्य वाटतो. मला अस्वस्थ केले ते तिसऱ्या पृष्ठाने. तुम्ही मित्रमंडळी मिळून नवा क्लब काढणार, कोणी एक बांधकाम व्यावसायिक सगळा खर्च उचलणार, मैदानही त्याचेच असणार, 'कागदपत्रांचे तेच पाहतील, आम्हाला फक्त फुटबॉलशी कर्तव्य' असे तू मोठ्या समाधानाने लिहितोस, आणि शेवटी मला विचारतोस काय, तर प्रशिक्षक परदेशी आणावा की देशी, आणि संघ ४-३-३ने उभा करावा की ३-५-२ने! बाळा, एकाच माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट दोनदा घडून गेल्यावरही त्याचा पहिला प्रश्न हा असावा, याचे मला फार वाईट वाटले.

डावपेचांच्या चर्चेला मी तुच्छ लेखतो, असा मात्र अर्थ काढू नकोस. ती चर्चा हेच पाठीराख्याचे खरे वैभव आहे. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बेंगळुरूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गोलशून्य बरोबरी झाली, तेव्हा प्रशिक्षक पोपोविचने घरच्या मैदानावर कच खाल्ली असे तू म्हणालास; आणि मी म्हणालो की छेत्री आणि मिकू ज्या संघात आहेत त्यांना नव्वद मिनिटांत एकही गोल करू न देणे ही सुद्धा एक विद्याच आहे. चार दिवसांनी कंठीरवा मैदानावर छेत्रीने तीन गोल केले, लुक्काने फ्री किकवर एक फेडला, आणि आपण ३-१ने बाहेर पडलो. मार्सेलिन्होला अल्फारोच्या किती जवळ खेळवावे, आशिक कुरुनियनला डाव्या बाजूने मोकळे सोडावे की मागे ओढून बचावास लावावे, या प्रश्नांवर वाकडच्या पुलापासून कस्पटे वस्तीपर्यंत तू आणि आपल्याबरोबरचा मन्या भांडत आलात आणि पुढे कित्येक दिवस एकमेकांशी बोलला नाहीत. त्या भांडणात जे प्रेम होते त्याची किंमत मी जाणतो, म्हणूनच ते ज्या वस्तूवर खर्च होते ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारणे मला अगत्याचे वाटते.

आता माझ्याबरोबर जरा हिशेब मांड. पुणे सिटीने पाच हंगामांत सात प्रशिक्षक पाहिले. इटलीचे कोलोम्बा आले. इंग्लंडचे एकेकाळचे कर्णधार डेव्हिड प्लॅट आले. कोलकात्याला पहिले अजिंक्यपद मिळवून देणारे हबास आले. मग सर्बियाचे पोपोविच आले आणि त्यांनी प्रथमच आपल्याला बाद फेरीत नेले, पण पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच तेही गेले. त्यांच्या जागी आलेले मिगेल आंखेल पोर्तुगाल अवघ्या तीन सामन्यांनंतर बरखास्त झाले, मध्यंतरी प्रद्युम रेड्डींनी गाडा ओढला आणि डिसेंबर २०१८मध्ये फिल ब्राऊन रुजू झाले. या प्रत्येकाच्या व्यूहरचनेची आपण उलटतपासणी केली. कोणी बचावफळी फार खाली ठेवली, कोणी मधली फळी ओस पाडली, कोणी बदली खेळाडू उशिरा उतरवला, याची तुझी टिपणवही अजून माझ्या कपाटात आहे. परंतु क्लब संपला तो या सातांपैकी कोणाच्याही चुकीने नव्हे. तो आर्थिक अडचणींत सापडला, ताळेबंद जुळेना, तेव्हा मालकांनी तो मिटवला, आणि ज्यांनी पाच वर्षे नारिंगी सदरे घालून घसा फोडला त्यांच्यापैकी एकालाही त्या निर्णयात मत देण्याचा अधिकार नव्हता.

आणि हे एकट्या पुणे सिटीचेच घडले असते तर मी दैवाला बोल लावून गप्प बसलो असतो. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफ.सी. २००७ साली निघाला. गोव्याच्या डेरिक परेरांसारखा जाणता प्रशिक्षक त्याला लाभला, २०१२-१३च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला, आणि येथून जवळच मामुर्डीला त्याने मुलांसाठी जी प्रबोधिनी चालवली तिच्यासारखी शिस्त मी त्यापूर्वी पुण्यात पाहिली नव्हती. २०१५ साली तो संपला. कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. एकच हंगाम खेळला आणि त्याच वर्षी मिटला. डीएसके शिवाजियन्सने २०१७मध्ये माघार घेतली. तिकडे मुंबईत महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरी २०१०मध्ये त्याला टाळे लागलेच. पाच वर्षांत पुण्यातले चार क्लब गेले! यांतल्या एकाचीही गत ४-३-३ वरून ठरलेली नाही.

आपल्या रहाटणीत ज्यांनी बापजाद्यांची शेते पाहता पाहता सोसायट्यांखाली गेलेली पाहिली, त्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही: जमीन कसतो कोण, तिच्यावर घाम गाळतो कोण, हे तलाठी विचारत नाही, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, एवढेच तो पाहतो. तुमच्या क्लबाच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव लागणार आहे, श्रीधर? पत्रात तू या प्रश्नाला एक ओळसुद्धा दिलेली नाहीस.

आमच्या कारखान्याचा संघ तुला आठवण्याचे कारण नाही, पण तुझ्या वडिलांनी त्यात उजव्या बगलेवरून काय मुसंड्या मारल्या ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. पगारपत्रकातून दरमहा एक रुपया कापून घेण्यास आम्ही लेखी संमती दिली होती. रंगखात्यातल्या मंडळींनी डब्यांच्या तळाशी उरलेला रंग जमवून गोलखांब रंगवले होते; त्यामुळे एक खांब शुभ्र आणि दुसरा किंचित पिवळसर दिसे, आणि पंचाने त्यावर आक्षेप घेतला तेव्हा खुद्द फोरमनसाहेब मैदानात उतरले होते. इतके आमचे असूनही कागदोपत्री तो संघ कल्याण खात्याच्या जमाखर्चातली एक बाब होता. नवे साहेब आले, त्यांनी ती बाब नामंजूर केली, आणि सोमवारी सकाळी साहित्याच्या खोलीला कुलूप दिसले. चेंडू आमच्या वर्गणीचे होते. पण तसे सांगणारा एकही दस्तऐवज आम्हाला पुढे करता आला नाही. तुझे वडील त्या कुलपापुढे किती वेळ उभे राहिले होते ते मी तुला पूर्वी कधी सांगितले नाही. आज सांगतो, कारण तू त्याच दाराकडे चालला आहेस.

उलट कोल्हापूरचा विचार कर. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ: ही नावे पेठांच्या आणि तालमींच्या मातीतून वर आली. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते तिची सर मोठमोठ्या व्यावसायिक संघांना आलेली मी पाहिलेली नाही. तेथेही हमरीतुमरी होते, कधी प्रकरण हातघाईवर जाते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण तेथल्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेठेतून दूध आणायला जायचे असते, आणि तालमीच्या कट्ट्यावर बसलेला म्हातारा त्याला थांबवून, काल दोन आघाडीवीर का खेळवलेस, असे हक्काने विचारतो. देणगी कोणी कितीही देवो, पाटाकडील तालीम उचलून कोणी दिल्लीस नेऊ शकत नाही.

जर्मनीत तर हे तत्त्व नियमातच आले आहे. १९९८पासून तेथे व्यावसायिक क्लबांतही मतांचे आधिक्य सभासदांच्याच हाती राहिले पाहिजे, अशी अट आहे. तिला जे मोजके अपवाद मिळाले त्यांत वोल्फ्सबर्ग आहे; आणि हे नाव आपल्याला परके असण्याचे कारण नाही, कारण ज्या फोक्सवॅगनचा तो क्लब, तिच्याच चाकणच्या कारखान्यात आपल्या आळीतली मुले पाळीला जातात. पण तेथे ते नगरच मुळी त्या कारखान्यासाठी वसवलेले, म्हणजे मालक आणि गाव यांची नाळ एकच. सभासदांचा हक्क नसेल तेथे काय होते, हे इंग्लंडातल्या विम्बल्डनने पाहिले. मालकांनी क्लब मिल्टन कीन्सला हलवायचे ठरवले आणि मे २००२मध्ये त्याला मंजुरीही मिळवली. तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, गावच्या माळावर उघडी निवड चाचणी घेऊन खेळाडू निवडले, बऱ्याच खालच्या पायरीवरच्या स्थानिक लीगपासून प्रारंभ केला आणि २०११ साली ते फुटबॉल लीगमध्ये परतले. आणि मोहन बागान? एटीकेशी विलीनीकरण झाल्यावर आपल्या शतकोत्तर क्लबाच्या नावाआधी लागलेली ती अक्षरे काढून टाका म्हणून बागानच्या लोकांनी तीन वर्षे धोशा लावला, आणि २०२३मध्ये अजिंक्यपद जिंकल्याच्या रात्री मालकांना ती काढण्याची घोषणा करावी लागली. तेथे लोकांच्या पाठीशी १८८९पासूनची परंपरा होती. तुमच्या पाठीशी काय आहे? एका सद्गृहस्थाची आजची मर्जी!

वर्गणीवर मोठा क्लब चालत नाही, असे तू म्हणशील. खरे आहे, चालत नाही. पण मोठ्या क्लबाची घाई तुम्हाला कोणी सांगितली? हैदराबादने २०२२च्या मार्चमध्ये फातोर्ड्याला केरळला पेनल्ट्यांवर नमवून अजिंक्यपद घेतले, गोव्याच्या कट्टीमणीने तीन पेनल्ट्या अडवल्या, तेव्हा मध्यरात्री फोनवर तुझा आवाज फुटत नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी तोच क्लब, वेतन थकलेले, परदेशी खेळाडू निघून गेलेले, अख्ख्या हंगामात एक सामना जिंकून तळाशी होता. इतक्या उंचीवरून इतक्या लवकर खाली येणे सभासदांच्या क्लबाला सहसा शक्यच होत नाही, कारण तो मुळात उसन्या पैशाने चढलेला नसतो.

आता तू विचारलेस त्याविषयी थोडक्यात. परदेशी नामांकित प्रशिक्षकाचा मोह धरू नकोस. ज्याला शाळांची मैदाने, पावसाळ्यातला चिखल आणि मुलांच्या आईबापांची परीक्षांविषयीची काळजी ठाऊक आहे असा माणूस शोध, आणि त्याला निदान तीन वर्षे हात लावू नका. खालिद जमीलना मुंबई एफ.सी.ने तुटपुंज्या पैशांत कित्येक हंगाम ठेवले. तेथे मुरलेल्या त्या माणसाने २०१७मध्ये मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५च्या ऑगस्टात तो भारताचा प्रशिक्षक झाला. व्यूहरचना त्याची त्याला ठरवू दे. दूरचित्रवाणीवर मँचेस्टरचे सामने पाहून तू ४-३-३चा आग्रह धरतोस, पण ज्या मुलांना अजून चालता चेंडू एका स्पर्शात थांबवता येत नाही त्यांना आकड्यांत बसवण्याने काय साधणार?

माझी खरी काळजी मात्र वेगळीच आहे, आणि ती सूनबाईंशी झालेल्या बोलण्यातून उत्पन्न झाली आहे. क्लब दिल्लीस गेल्यापासून चिनू मैदानावर गेला नाही, बूट माळ्यावर टाकून दिलेत, आणि 'बाबांचे क्लब नेहमी जातात' असे तो म्हणाला, हे तू मला लिहिले नाहीस. पोरगा नऊ वर्षांचा आहे. तू उद्या त्याला नव्या क्लबाचा नवा सदरा घालशील, तो पुन्हा सगळे मन त्यात घालील, आणि चार वर्षांनी बांधकामाचा बाजार पडला आणि त्या मैदानावर इमारत उभी राहिली, तर त्याला तू काय सांगशील? मला रात्री हाच विचार येतो. झोप लागत नाही.

म्हणून माझे एवढे ऐक. संस्था रीतसर नोंदवा आणि तिचे सभासद करा, वर्गणी शंभर रुपये असली तरी चालेल. क्लबाचे नाव, रंग आणि गाव दोन तृतीयांश सभासदांच्या मताशिवाय बदलणार नाही, असे घटनेत पहिल्याच कलमात लिहा. त्या गृहस्थांचा पैसा अवश्य घ्या, पण देणगी म्हणून किंवा सदऱ्यावरील जाहिरातीचा मोबदला म्हणून, मुदतीच्या लेखी करारावर. मैदानाचा भाडेपट्टा संस्थेच्या नावे करून घ्या. जमाखर्च दरवर्षी सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचला गेला पाहिजे. हे त्यांना मान्य नसेल तर त्यांना नमस्कार करून परत फिरा आणि एखाद्या शाळेच्या मैदानावर अकरा पोरांनिशी सुरुवात करा.

घटनेचा कच्चा मसुदा मजकडे पाठव. कलमे मी तपासून देतो, आणि पहिल्या सभासदाची वर्गणी म्हणून माझे शंभर रुपये चिनूच्या नावे लिही. तोपर्यंत त्या गृहस्थांच्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस.

तुझा,
काका