तीन पेपर, एक मुलगी

एकाही बातमीत तिचं नाव नव्हतं. तरी दुपार व्हायच्या आत बऱ्हाणपूरच्या अख्ख्या सिंधीपुऱ्याला कळलं की ती मुलगी कोणाची.

बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, पण महाराष्ट्रातलं रावेर जवळच. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी, शिवाय उर्दू वाचणारेही पुष्कळ. चहाच्या टपरीवर तिन्ही भाषांचे पेपर एकाच बाकावर पडलेले असतात.

हिंदी दैनिकाने गल्ली आणि वडिलांचा धंदा छापला. मराठीने आईचं माहेर छापलं, वर मुलीचं लग्न ठरत होतं तेही. उर्दूत वय आणि कॉलेजचं वर्ष. मी टपरीजवळ उभी होते. एक जण उर्दू बातमी मोठ्याने वाचत होता, दुसरा मराठीतलं हिंदीत सांगत होता. तिसरा म्हणाला, "अरे, मग ती तर त्यांचीच!" वार्ताहरांना विचारा, तिघेही सांगतील की आम्ही नाव दिलं नाही. आणि ज्याच्यावर अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला तो? तिन्ही पेपरांत नुसता 'ओळखीचा तरुण'. त्याची गल्ली नाही, बापाचा धंदा नाही, शिक्षण नाही. त्याची अब्रू किती जपली!

तिच्या आईला वाचता येत नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने विचारलं, "ताई, नाव तर नाही ना आलं?" मी म्हटलं, "नाही आलं." ते खरंच होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मुलीचं कॉलेज सुटलं, तिला मावशीकडे धाडलं.

पीडितेची ओळख न छापण्याचा कायदा काही कालचा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ च्या दुरुस्तीत दंड संहितेत कलम २२८-अ आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं ७२ वं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि बंदी नुसत्या नावावर नाही, ओळख पटेल अशा कोणत्याही मजकुरावर आहे. डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात न्यायालयाने दुरान्वयानेही ओळख उघड करू नका असं बजावलं. पण शेजारच्या भाषेतल्या पेपरात काय आलंय, हे कोणता संपादक बघतो? आमच्याकडे तिन्ही भाषांचे वार्ताहर ठाण्यावर एकाच बाकड्यावर बसलेले असतात. गल्ली, माहेर, कॉलेज यातलं काहीच द्यायचं नाही, एवढं आपसात ठरवायला त्यांना कितीसा वेळ लागेल?

त्या संध्याकाळी वाटलं होतं, असल्या बातम्या छापूच नयेत. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. तक्रार द्यायला गेलेल्या बापाला आधी "आपसात मिटवून घ्या" म्हणून परत पाठवलं होतं. गुन्हा नोंदला गेला तो एका वार्ताहराने ठाण्यात फोन केल्यावर. गल्ली छापणारा तोच. १९९४ साली जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघड झालं तेव्हा बदनामीच्या भीतीने बायका बोलायला पुढे येत नव्हत्या, आणि त्या मौनाचा फायदा कोणाला झाला हे खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. बातमी आलीच पाहिजे. त्या वार्ताहराचे उपकार मी मानते, आणि त्याच्यावरचा माझा रागही गेलेला नाही, कारण खटल्याच्या तारखेची बातमी देताना तो अजून ती गल्ली छापतो.