सोळा टिंबे, दोन ग्राफ

सदाशिव पेठ. पेरुगेटापाशी घेतलेल्या चौकटीच्या वहीत परस्परलंब बहुपदींची घराणी उतरवतो आहे. लंब म्हणजे एवढेच: दोन बहुपदींच्या किमतींचा गुणाकार करायचा, त्याला ठरलेले भार लावायचे, आणि बेरीज शून्य आली पाहिजे.

*

बॉखनर, १९२९. दुसऱ्या कोटीचे अवकल समीकरण पाळणारी, धन भारांची घराणी तीनच: याकोबी, लागेर, हर्माइट.

त्याच वर्षी युक्रेनच्या मिखाइलो क्रावचुक यांनी नाणेफेकीच्या, म्हणजे द्विपद भारांचे घराणे मांडले. १९३८ मध्ये त्यांना अटक झाली, १९४२ मध्ये कोलिमाच्या छावणीत ते वारले. हे नाव घेताना तेवढे आठवावे.

*

क्रावचुक यांनी मांडलेल्या घराण्यातले एक छोटे उदाहरण. क्ष = ०, १, २ ला भार १, ६, ९. पहिली बहुपदी ६ − ४क्ष. किमती ६, २, −२. दुसरीच्या किमती ९, −३, १. भार लावून बेरीज: ५४ − ३६ − १८ = ०. फार सुंदर जमते!

*

हेच ६, २, −२ बुद्धिबळातल्या हत्तीकडूनही मिळतात. ४×४ चा पट घ्या, प्रत्येक घर एक टिंब माना, हत्ती एका चालीत जाईल ती घरे जोडा: झाला ग्राफ. प्रत्येक घराला ६ शेजारी, कुठल्याही दोन घरांचे सामाईक शेजारी २. या ग्राफची आयगेनमूल्ये ६, २, −२ आणि ती अनुक्रमे १, ६, ९ वेळा येतात.

*

शरदचंद्र श्रीखंडे. नागपुरात शिकले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्रगत अध्ययन केंद्र उभारले, २०२० मध्ये १०२ व्या वर्षी गेले. १९५९ मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी लॅटिन चौरसांबद्दलचे ऑयलरचे अनुमान खोडले, ते जगभर गाजले. मला त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा निबंध अधिक प्रिय आहे. त्यात ते दाखवतात: शेजारी आणि सामाईक शेजारी यांच्या मोजमापांवरून कुठल्याही चौरस पटावरचा हत्तीचा ग्राफ एकमेव ठरतो. अपवाद फक्त ४×४ चा. तिथे आणखी एक ग्राफ निघतो, तोच श्रीखंडे ग्राफ.

काढायला सोपा. पटाच्या समोरासमोरच्या कडा जोडलेल्या समजा. प्रत्येक घर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि एकाच कर्णावर दोन्ही बाजूंना जोडा. मोजमापे तीच, बहुपदी त्याच. पण हत्तीचे ६ शेजारी दोन सुट्या त्रिकोणांत बसतात, श्रीखंडे ग्राफमध्ये त्यांचे षट्कोनी कडे होते.

*

ज्या घराण्यांच्या द्वैती (कोटी आणि क्ष यांची अदलाबदल करून मिळणाऱ्या) बहुपदीही लंब असतात, त्यांची यादी गणिती लेनर्ड यांनी १९८२ मध्ये मांडली. ती यादी बहुपदी ठरवते, ग्राफ ठरवत नाही: वरच्या दोन्ही ग्राफांच्या बहुपदी एकच आहेत.

*

गणिताच्या शिक्षकांना विनंती: क्रावचुक शिकवाल तेव्हा हे दोन्ही ग्राफ फळ्यावर शेजारी शेजारी काढा, आणि फरक मुलांनाच शोधू द्या.