चक्राची अट

समुच्चयरचनांच्या शोधात आयुष्य घालविलेल्या मला एका गोष्टीचे नवल अद्यापि सरलेले नाही: विशिष्ट रचना अस्तित्वात आहे की नाही, या प्रश्नाला कडक अट घातली की पुष्कळदा त्याचा निवाडा सोपा होतो, आणि चक्राकार सममितीइतकी कडक, तरीही उपकारक अट दुसरी नाही.

वर्तुळावरील सात बिंदूंस ० ते ६ असे अंक देऊन १, २, ४ हे त्रिकूट एकेक घर पुढे सरकवीत न्यावे, आणि सहाच्या वर गेलेल्या अंकाची सातने भागून उरलेली बाकीच तेवढी ठेवावी, म्हणजे अशी सात त्रिकुटे सिद्ध होतात की कोणतेही दोन बिंदू नेमके एकाच त्रिकुटात एकत्र येतात. कारण मूळ त्रिकुटातील परस्पर वजाबाक्यांत १ ते ६ ही प्रत्येक संख्या एकदाच हजर असते. भूमितीचा कारभार असा अंकगणिताच्या दफ्तरी दाखल होतो. सिंगर यांनी १९३८ साली सांत क्षेत्रांच्या आधारे अशा चक्रांची अनंत मालिकाच दिली, आणि पुढल्याच वर्षी कलकत्त्यात राजचंद्र बोस यांनी फरकांची हीच रीत प्रयोगांच्या आखणीसाठी राबविली.

अशा रचनेस प्रतल, तिच्यातील गटांस रेषा, आणि रेषेवरील बिंदूंहून एकाने कमी असलेल्या संख्येस प्रतलाचा क्रम म्हणतात. दहावा क्रम मात्र या मालिकेत बसत नाही. तेथे १११ बिंदू, तितक्याच रेषा, प्रत्येक रेषेवर ११ बिंदू. असे प्रतल चक्राकार असलेच, तर मार्शल हॉल यांच्या १९४७ च्या प्रमेयामुळे अशी एक रेषा निवडता येते, की तिच्यावरील अंकांना २ ने वा ५ ने गुणले तरी ती तीच राहते. मग तिच्यावर क्ष असेल तर २क्ष, ४क्ष, ५क्ष हेही असणारच. परंतु ५क्ष मधून ४क्ष वजा करा किंवा २क्ष मधून क्ष, उरतो क्षच. शून्याखेरीज कोणताही फरक दोनदा येण्यास मज्जाव असल्याने ३क्ष ला १११ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. आणि असे अंक ०, ३७, ७४ हे तीनच! रेषेला तर अकरा हवेत.

चक्राची अट उठविली, तेव्हा याच प्रश्नाचा नकार मिळविण्यासाठी लॅम व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८९ पर्यंत महासंगणक राबवावे लागले.

मात्र चक्राचा नकार चक्रापुरताच असतो. नऊ बिंदूंची त्रिकूटरचना सुखाने नांदते, पण पेल्टेसोन यांनी १९३९ साली दाखविल्याप्रमाणे, अशी रचना ज्या बिंदुसंख्यांना शक्य आहे त्यांपैकी केवळ नऊलाच चक्र मानवत नाही. म्हणून विद्यार्थ्यांस मी सांगतो, की प्रथम सममिती मागावी आणि ती नाकारली गेली तर रचनेचा नव्हे, आपल्या मागणीचा फेरविचार करावा.