टोस्टच्या चिमट्यासाठीं भाईंदरपर्यंत

गिरगांवांतील तीन खोल्यांचें बिऱ्हाड मोडून आमचें एकत्र कुटुंब मीरा रोडला आलें, त्यास आतां वीस वर्षें झालीं. समोरासमोरच्या दोन सदनिका घेतल्या, पण चूल एकच ठेविली, आणि ती थोरल्या वहिनींच्या ताब्यांत. येथून भाईंदरास जाणें म्हणजे कांहीं काशीयात्रा नव्हे. एका स्टेशनाचें अंतर. तरी परवांच्या ह्या फेरीविषयीं लिहावेंसें वाटलें, आणि तिचें निमित्त सांगितल्यावांचून ती समजावयाची नाहीं.

निमित्त होतें पाव भाजण्याच्या एका चिमट्याचें. मुंबईच्या रस्त्यांवर सँडविचवाले वापरतात तोच हा: ॲल्युमिनियमचीं दोन खोलगट चौकोनी पातीं, एका टोकास बिजागरी, दुसऱ्या टोकास लांब मुठी. लोणी, हिरवी चटणी आणि बटाट्याची भाजी घातलेले दोन काप आंत दाबावयाचे आणि विस्तवावर उलटसुलट धरावयाचे. ऑस्ट्रेलियांत ह्याच्याच एका भावंडास जॅफल-चिमटा म्हणतात. वहिनींनीं तो १९८४ सालीं घेतला, तेव्हां आमच्या मातोश्री हयात होत्या. पाव हा मुळांत पोर्तुगीज शब्द. आणि विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याची वसईकडील दंतकथा मातोश्रींस पाठ होती. चिमट्यास त्यांनीं ओट्यावर जागा दिली नाहीं. तो गॅलरींत स्टोव्हपाशीं खिळ्याला टांगलेला असे. पुढें एका दुखण्यांत तोंडाची चव गेली असतां त्यांनींच "तें तुझें भाजलेलें काय तें दे पाहूं" म्हणून मागितलें, आणि त्या दिवसापासून चिमटा आंत आला.

मातोश्रींस तेव्हां ठाऊक असतें तर कदाचित् त्या इतक्या रुसत्या ना, कीं टोस्ट हा शब्द आपल्या नात्यांतलाच आहे. लॅटिनमधील 'तोरेरे', म्हणजे सुकविणें, भाजणें, ह्या क्रियापदापासून तो आला. आणि तें क्रियापद व आपला तृष् धातु हीं एकाच मुळाचीं अपत्यें. तृष्णा आणि टोस्ट ह्या मावसबहिणी!

विजेच्या टोस्टरचा इतिहास त्याहून गंमतीचा. पावाजवळ तापवूनहि जळून न जाणारी तार हीच खरी अडचण होती. १९०६ सालीं अमेरिकेंत अल्बर्ट मार्श ह्यांस निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूचें पेटंट मिळालें आणि ती सुटली. पावाची एकच बाजू भाजणारें, हातानें काप फिरवावयास लावणारें यंत्र १९०९ सालीं विक्रीस आलें. काप आपोआप वर उडविणाऱ्या यंत्राचें पेटंट चार्ल्स स्ट्राइट ह्यांस १९२१ सालीं मिळालें. आम्हीं मात्र वर्गांत कित्येक वर्षें स्कॉटलंडमधील एका गृहस्थाचें नांव आद्य संशोधक म्हणून सांगत होतों. महाजालावरील एका ज्ञानकोशांत तें वाचलें होतें. तो गृहस्थ म्हणजे विद्यार्थ्यांनीं २०१२ सालीं केलेली निव्वळ थट्टा, असें २०२२ सालीं उघडकीस आलें! तोंवर आम्ही निवृत्त झालों होतों. मुलांची क्षमा मागावी तरी कशी?

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. मधला पुतण्या अमेरिकेहून आला, तो पावावर हसरा चेहरा उमटविणारा टोस्टर घेऊन. त्यांत तार आणि पाव ह्यांच्यामध्यें आकृति कापलेला एक पत्रा असतो. पत्र्याआड राहील तो भाग पांढरा, उघडा राहील तो तांबूस. घरांत मोठें कौतुक झालें. वहिनींच्या चिमट्याची बिजागरी ढिली होऊन तिला तार बांधलेली होती. सुनांनीं तो सरळ भंगारवाल्याच्या पिशवींत टाकला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र सकाळीं त्या स्वयंपाकघरांत आल्या नाहींत. चाळीस वर्षांत असें कधीं घडलें नव्हतें.

त्याच सकाळीं टोस्टर लावला गेला. अमेरिकेचा दाब १२० व्होल्टचा, आपला २३०. आणि दाब दुप्पट तर उष्णता चौपट, हें आम्हीं आठवीच्या मुलांस शिकविलेलें. पण आम्हांस विचारतो कोण? एक लखलखाट, धूर, आणि घरभर काळोख. हसरा चेहरा कोळसा होऊन बाहेर आला. मुलें उपाशींच लोकल गांठावयास धांवलीं.

आम्हीं गुपचूप पिशवींतून चिमटा काढला आणि भाईंदर गांठलें. गाडींतून मिठागरांचे उरलेसुरले तुकडे दिसतात. एके काळीं भाईंदर म्हटलें कीं मीठ. २००२ सालीं महानगरपालिका झाली, आणि आतां नजर जाईल तिकडे इमारती. पूर्वेस उतरलें कीं मात्र निराळाच गांव. गल्लोगल्लीं स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घडविणारे लहान लहान कारखाने. दाबयंत्राखालीं सपाट चकतीचें पातेलें होतांना पाहून आम्ही बराच वेळ उभेच राहिलों. शेजारीं झिलई करणारा कामगार, डोळे सोडल्यास सर्वांगीं काळा. त्याच्या हातांतलें भांडें तेवढें आरशासारखें. त्याच्या फुप्फुसांत काय जात असेल, हा विचार आमच्या घरच्या चकचकीत डब्यांकडे पाहून पूर्वीं कधीं आला नव्हता.

दोन ठिकाणीं "नवा घ्या" असें उत्तर मिळालें. तिसऱ्या ठिकाणीं उत्तरेकडील एका वृद्ध कारागिरानें चिमटा उघडून पाहिला. खीळ झिजली होती आणि तिचें भोंकहि लांबट झालें होतें. त्यानें भोंक किंचित् मोठें पाडलें, पोलादाची जाड खीळ बसविली, दोन्हीं टोकें ठोकून पसरट केलीं. नवा स्वस्त पडला असता, असें तोहि म्हणाला. आम्हीं वहिनींची हकीकत सांगितली. तेव्हां त्यानें कांहीं न बोलतां मुठीचें सैल झालेलें लांकूडहि घट्ट करून दिलें, आणि त्याचे पैसे निराळे घेतले.

घरीं आलों तों वहिनी देवघरांत वाती वळीत होत्या. चिमटा पुढें ठेवला. त्यांनीं तो दोनदां उघडला, मिटला, खीळ बोटानें चांचपली.

"भाऊजी, किती घेतले?"

"साठ रुपये."

"लुबाडलें तुम्हांस," असें म्हणून त्या उठल्या, आणि सुनेस बटाटे उकडावयास सांगून त्यांनीं चिमटा राखेनें घासावयास घेतला.